दोन नंबरचा रिमोट

जालन्याच्या एमआयडीसीत, भंगाराच्या काट्यावर
बारा वर्षं मी वजन लिहितो.
ट्रक भरून येतो, रिकामा जातो,
मधला फरक ही माझी नोकरी.
लोखंड भट्टीकडं जातं,
प्लास्टिक एका अंगाला, तेवीस रुपये किलो.
त्या ढिगात कधीमधी
एखादी पिवळी कॅसेट निघते,
चित्र अर्धं सोललेलं,
खाली अजून वाचता येतं : ९९९९ इन १.

इसाकचाचा म्हणतात, घेऊन जा,
ऐंशी ग्रॅमची काय पावती फाडू?

आजवर एकशे चौदा झाल्यात.
बायको म्हणते, लोकं प्लॉट घेतात,
तुम्ही प्लास्टिक घेता.
खरं आहे तिचं.
मी खोडरबरानं कॅसेटचे दात घासतो,
कापसाच्या बोळ्यानं स्पिरिट लावतो,
आणि मग काहून कुणास ठाऊक
फुंकर मारतो.
फुंकरीनं काही होत नाही, उलट ओल धरते,
हे आता कळलंय.
तरी फुंकल्याबिगर
कॅसेट बसल्यासारखी वाटत नाही.

टीव्ही मिळाला बदनापूरच्या एका सलूनमधून.
एकवीस इंची, मागून ढेरपोट्या,
दोघांनी उचलायचा.
ट्युनिंगचं बटण तुटलेलं, तिथं आगकाडी.
काडी फिरवली की आधी मुंग्या,
मग मुंग्यांतून हळूहळू रणगाडा.

९९९९ म्हणजे खरे सात.
तेच सात, नाव बदलून, रंग बदलून,
पुन्हा पुन्हा रांगेत उभे.
तरी एका उन्हाळ्यात
मी आणि जयमाला तेराशेपर्यंत गेलो होतो,
एकेक उघडून,
पुढच्या नंबरावर काहीतरी नवीन असंल म्हणून.

जयमाला माझ्याहून दोन वर्षांनी मोठी.
तरी एक नंबरचा रिमोट माझा.

दोन नंबरच्या रिमोटला स्टार्ट नसतं.
बाण असतात, गोळीची बटणं असतात,
सुरू करायचं, थांबवायचं
तेवढं नसतं.
आत भाकरी थापायला हाक आली की
ती रिमोट फरशीवर ठेवून उठायची,
आणि तिचा रणगाडा
उभ्या उभ्या मरायचा.
मी ओरडायचो, बघ, मेलीस!
ते बटण माझ्या अंगठ्याखालीच होतं.

सेव्ह काहीच होत नसायचं.
लाईट गेली की
एकतिसाव्या लेव्हलवरून थेट अंगणात.
जयमाला तेवढ्यात पळत जाऊन
दुधाच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानावर,
दोघांचे आकडे लिहून ठेवायची.
वही कुठल्या रद्दीत गेली माहीत नाही.
मला वाटतं, वरचा आकडा बहुतेक तिचाच असायचा.

यंदा पंचमीला ती मंठ्याहून आली.
वायरींचा गुंता बघून म्हणाली,
अजून हेच करतूस होय?
आणि मांडी घालून बसली.
मी एक नंबरचा रिमोट पुढं केला.
तिनं उलटापालटा करून पाहिला,
बटणावरून अंगठा फिरवला,
परत दिला.
नको, म्हणाली, माझी बोटं ह्याच्यावर चुकतेत.

पोरगं मोबाईल ठेवून बघत होतं.
आत्याचा हात बसलेला होता,
माझा रणगाडा तीनदा गेला, तिचा एकदाही नाही.
मग आतून जेवायची हाक आली.
ती उठली नाही लगेच.
पडद्यावरची नजर न काढता म्हणाली,
थांबव की रे.

मी स्टार्ट दाबलं.

जेवणं झाली, आवरणं झाली,
कुणाच्या तरी गुडघ्याचं, कुणाच्या तरी सोयाबीनचं निघालं,
आणि मंठ्याची गाडी चारची होती.

रात्री पोरगं म्हणालं, पप्पा, सेव्ह करून ठेवा ना.
म्हटलं, ह्याच्यात होत नाही.
मग मी टीव्ही बंदच केला नाही.
लाईट गेली पहाटे तीनच्या सुमाराला.
तोवर तिची गोळी
हवेतच होती.